उत्तराची चटई

जांपा गेल्याचं मला यांगचेननं फोनवर सांगितलं. "मॅडम, गेन सकाळी उठलेच नाही," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोन तसाच चालू राहिला, पलीकडून तिबेटी कॅम्पातल्या कोंबड्यांचा आवाज येत राहिला... गेन म्हणजे तिबेटी भाषेत गुरुजी. यांगचेन ही त्याच्या शिकवणीतली मुलगी, नुकतीच बारावी झालेली. मी अर्जुनीहून स्कूटी काढली आणि आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या रस्त्याला लागले. त्याला शेवटचं पाहिलं, त्याच्या खोलीबाहेर थोडी बसले, आणि परत आले. रडू तेव्हा आलं नाही. आठवडा उलटायच्या आत चौकात फ्लेक्स लागला आणि मग रडूही आलं नाही, शिसारी आली. 'विश्वशांतीचे दूत पूज्य जांपाजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे, आणि वरच्या कोपऱ्यात जांपा. जन्मभर ज्याला पासपोर्ट मिळाला नाही, त्याचा फोटो मात्र पासपोर्टच्या मापाचा होता. हा लेख त्या शिसारीतूनच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना गोडगोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी शेजारचा रकाना वाचावा.

तो आमच्या शाळेत आला तेव्हा मी पाचवीत होते. प्रतापगडजवळ जंगलाच्या कडेला सरकारनं तिबेटी निर्वासितांना जमीन दिली होती, सगळे त्याला नुसतं कॅम्प म्हणत, अजूनही म्हणतात. तिथली चार-दोन मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत यायला लागली, त्यातला हा एक, जन्मलेला तिकडचाच. गाल उन्हानं भाजलेले, मराठीचं अक्षर येत नाही, पण गोट्यांत सगळ्यांना लुटायचा. गुरुजींनी त्याचं नाव हजेरीत जांपा लिहिलं, आम्ही महिन्याभरात त्याचा जांभूळ केला. त्याला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोट्या लायनीची गाडी तेव्हा अर्जुनीत थांबायची, आणि हा पोरगा शाळा बुडवून स्टेशनवर जाऊन इंजिनापाशी उभा राहायचा. ड्रायव्हरनं एकदा त्याला वर चढवून घेतलं आणि शिट्टीची दोरी ओढू दिली. त्यानंतर तो बोलताना मध्येच शिट्टीचा आवाज काढायचा, आणि गुरुजींच्या हातचा मार खायचा.

सातवीनंतर तो शाळेत आला नाही. त्याला कर्नाटकातल्या एका मठात पाठवलं होतं. आम्हाला वाटलं, असेल त्यांच्यात तशी रीत. देवाला सोडलेली मुलं आमच्याकडेही ऐकलेली होती, त्यातलाच प्रकार म्हणून आम्ही सोडून दिलं. पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, अर्जुनीच्या शाळेत मराठी शिकवू लागले, लग्न झालं, मुलं झाली. आणि एके दिवशी बाजारात भाजीवाल्याशी वांग्यांवरून घासाघीस करणारा एक मुंडण केलेला लामा दिसला. मी बघतच राहिले तसा तो म्हणाला, "काऊन पाहून राहिली, सुलू? आता तं खरंच जांभूळ झालो न मी." आणि अंगावरच्या जांभळट लाल वस्त्राकडे बोट दाखवून त्यानं भर बाजारात इंजिनाची शिट्टी वाजवली. वीसेक वर्षं दूरच्या मठात राहून आलेल्या माणसाच्या तोंडात आमची झाडीबोली जशीच्या तशी होती. मी स्वतः ती शाळेत नोकरी लागल्यावर टाकून दिली होती.

मठात तो जे शिकला त्याला कुठल्याही सरकारी कागदावर किंमत नव्हती. तर्कशास्त्राची मोठमोठी पुस्तकं तोंडपाठ, पण इथल्या हिशेबानं सातवी पास. त्यानं कॅम्पातल्या छोट्या मंदिराच्या अंगणात शनिवारी मुलांना धर्म शिकवायला सुरुवात केली. धर्म शिकवायचा म्हणजे प्रार्थना घोकून घ्यायची, अशी माझी समजूत होती. अंगणात जाऊन पाहिलं तर भलतंच चाललेलं. एक जण खाली बसतो, तो काहीतरी म्हणणं मांडतो. दुसरा उभा राहून त्याला प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारताना पाय आपटून एका तळव्यावर दुसरा तळवा असा मारतो की झाडावरचे पोपट उडावेत. बसलेल्यानं फार बोलायचं नाही, मान्य तर मान्य, नाही तर कारण सांगायचं. आणि बोलता बोलता तो आपलंच म्हणणं खोडून बसला, की उभा असलेला त्याच्या डोक्याभोवती हात फिरवून ओरडणार, "चा!" तिबेटीत त्याचा अर्थ 'संपलं' असा काहीतरी होतो. उच्चार जरा वेगळा आहे, पण आपल्या कानाला सरळ चहाचा 'चा'च ऐकू येतो. पहिल्याच महिन्यात कोणीतरी गावात जाऊन सांगितलं की कॅम्पात हाणामारी चालली आहे. पोलीस पाटील काठी घेऊन आले, दाराशी उभे राहून त्यांनी ऐकलं, आणि मागे वळून लोकांना म्हणाले, "भांडण गिंडण काही नाही. चा मागून राहिले पोट्टे. द्या न त्यायले." जांपा ही गोष्ट मरेपर्यंत सांगायचा, आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचा.

मठातले नियम त्यानं इथे थोडे वाकवले. पहिलं म्हणजे मुलांना तिबेटीत जमेना तेव्हा झाडीबोलीत वाद घालायची परवानगी दिली, त्यामुळे टाळीबरोबर 'काऊन?', म्हणजे 'का?', ऐकू येऊ लागलं. दुसरं म्हणजे खाली बसायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. प्रतापगडच्या यात्रेतून आणलेली शिंदीची एक चटई होती, तिच्यावर गेन बसणार, आणि सगळी मुलं उभी राहून त्याला विचारणार. मी म्हटलं, अरे गुरू तू, तू विचार, मुलं उत्तरं देतील. तो म्हणाला, "ज्याले वाटते मले समजलं, त्यानं खाली बसावं." तिसरा नियम त्याचाच: जो हरेल त्यानं पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच चटईवर बसायचं. मुलं त्याला दर शनिवारी कुठे ना कुठे पकडायचीच, म्हणून दर शनिवारी तोच बसायचा. हळूहळू ही सवय मुलांबरोबर माझ्या शाळेत आली. एकदा इतिहासाच्या तासाला कॅम्पातल्या एका मुलानं उभं राहून टाळी वाजवून "काऊन?" विचारलं आणि मुख्याध्यापकांनी त्याला आठवडाभर वर्गाबाहेर ठेवलं. हेच मुख्याध्यापक दर सव्वीस जानेवारीला त्या मुलांना पट्ट्यापट्ट्यांचे तिबेटी कपडे घालून नाचायला लावायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, आमच्या शाळेत बघा कशी विविधता आहे. पाहुणे म्हणायचे, कित्ती गोड, अगदी चिनी बाहुल्या. तिबेटी पोरांना चिनी म्हणायचं आणि वरून टाळ्याही वाजवायच्या...

या मुलांची कहाणी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचे आजी-आजोबा डोंगर ओलांडून आले, काहींचे आईबापही. मुलं जन्मली आपल्या सरकारी दवाखान्यात, शिकली आपल्या शाळेत, पण कागदावर ती परदेशी. कायद्यात एक तारीख आहे, तिच्या आधी इथे जन्मला तर इथला, नंतर जन्मला तर आईबापांचे कागद बघायचे. ठरावीक मुदतीनं पोलिसांकडे जाऊन परदेशी म्हणून नोंदणीचं कार्ड नवं करून आणायचं, आणि सरकारी नोकरीचं दार समोर दिसलं की तिथूनच मागे फिरायचं. यांगचेनचे आईबाप दोघंही लहानपणी तिकडून आलेले. थंडीत बाप गोंदियाच्या फुटपाथवर स्वेटर विकतो, आई घरी मका आणि भाताची शेती बघते. आणि पोरीला हवं होतं फॉरेस्ट गार्ड व्हायला. याचं कारण सारस पक्षी. आमच्या भागात दरवर्षी सारसांची मोजणी होते, त्यात शाळेची मुलं हौसेनं जातात. यांगचेन पहिल्यांदा गेली ती नववीत, एका वनरक्षक बाईंबरोबर धानाच्या बांधांवरून फिरली, आणि परत आली ती त्या बाईंच्या खाकी वर्दीचं वेड घेऊन. त्या बाईंच्या कमरेला पट्टा होता आणि जंगलात शिरताना त्यांना कोणी अडवत नव्हतं, एवढंच ती मला सांगत राहिली. बारावी झाल्यावर ती चौकशीला गेली. खिडकीवरच्या माणसानं कार्ड पाहिलं आणि हसून म्हटलं, तुमचं नाही होत यात. तिनं विचारलं, काऊन? तो म्हणाला, पुढचा.

त्यानंतरच्या शनिवारी मी अंगणात होते. जांपा चटईवर बसलेला, यांगचेन उभी. तिनं विचारलं, "झाड जिथी उगवते तिथलंच असते. मान्य?" तो म्हणाला, मान्य. "पाखरू जिथी अंडं फोडून निघते तिथलंच असते. मान्य?" मान्य. "मंग मी कुठची?" जांपा चटईची एक सुटलेली काडी बोटाभोवती गुंडाळत राहिला. सगळी मुलं "चा! चा!" करून ओरडू लागली, पण यांगचेन ओरडली नाही. ती तशीच उभी राहिली आणि मग बाजूला जाऊन बसली... जांपा इतक्या वेळा हरलेला मी पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी तो हसला होता. त्या दिवशी हसला नाही.

मग सुरू झाली सल्ल्यांची रीघ. तिला आनी करा. आनी म्हणजे भिक्षुणी. कॅम्पातल्या म्हाताऱ्या म्हणत, गावातले लोक म्हणत, माझ्या शाळेतल्या बाईसुद्धा म्हणत. खायला-प्यायला मिळेल, शिकायला मिळेल, तिथे कोणी कागद विचारत नाही. तिची आईही हळूहळू वळू लागली होती, आणि तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी हे सांगायला जांपाकडे गेले तेव्हा तो आजारी होता, खोलीत पडून होता, श्वासाला घरघर लागली होती. तीच आमची शेवटची भेट. मी बोलत होते आणि तो छताकडे पाहत होता. मग म्हणाला, "सुलू, मले मठात काऊन पाठवलं, मालूम आहे तुले?" मी म्हटलं, तुमची रीत. त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबल्यावर म्हणाला, "कायची रीत. रेल्वेत घेनार नव्हते. बापानं सगळीकडं विचारलं, आन् मठवाल्यानं कागद नाही मागतला, म्हनून." मी विचारलं, मग तुला पश्चात्ताप होतो का? तो म्हणाला, "नाही. मले त्याच्यात गोडी लागली. पन नसती लागली तं? धरम कांजीहाऊस आहे का, मोकाट ढोर आनून कोंडायले? त्या पोरीले स्वतःच्या मनानं जाऊ दे, गेली तं. कोंडू नको देऊ कोनाले." बाहेर पडताना मी दारात वळून पाहिलं तर तो डोळे मिटून पडला होता आणि ओठांनी हळूच शिट्टीचा आवाज काढत होता. मला चिडवण्यासाठी होता की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही.

आता त्या शोकसभेबद्दल. तालुक्याच्या ठिकाणी एका हॉलमध्ये झाली. गोंदियाहून एक मोठे साहेब आले होते, त्यांचं नाव किंवा पद सांगत नाही, त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. जांपाच्या फोटोला हार घालून ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, पाखरांना सीमा नसतात, गेनजींनाही नव्हत्या, त्यांना देश नव्हता कारण सारं जगच त्यांचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या... मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत बसले. ज्याच्यासाठी दोन सह्या करायला कोणाला कधी वेळ झाला नाही, त्याला देश नसण्याचेच हे अलंकार घडवत होते. उपाशी माणसाला 'तुमचं पोट किती हलकं' म्हणावं तसला प्रकार. मग साहेबांनी घोषणा केली की कुमारी यांगचेन हिला गेनजींच्या मार्गावर पाठवण्याचा सगळा खर्च त्यांचा ट्रस्ट उचलेल, कारण तीच गेनजींची अंतिम इच्छा होती. मी उठून 'खोटं आहे' म्हटलं. माइक त्यांच्याकडे होता. शेजारच्यानं माझा हात ओढून खाली बसवलं आणि म्हटलं, मॅडम, दुःखात होतं असं.

तिबेटी लोकांत सात आठवडे पूर्ण झाले की मोठा विधी असतो. त्या दिवशी अंगणात दिवे लावले होते, जांपाचा फोटो मांडला होता, आणि फोटोसमोर कोणीतरी त्याची ती शिंदीची चटई अंथरून ठेवली होती, मधोमध थोडी खचलेली. साहेब आले, सोबत फोटोग्राफर, आणि चकचकीत कागदात गुंडाळलेलं भिक्षुणीचं वस्त्र, ट्रस्टकडून. कॅम्पच्या लोकांनी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली होती. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग फोटोग्राफरकडे, आणि हात जोडून म्हणाले, "नहीं नहीं, मैं तो यहीं बैठूँगा, गुरुजी की जगह." आणि चपला काढून थेट चटईवर बसले. मुलांमध्ये एकदम चुळबूळ झाली. मुलांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं, त्या चटईवर माणूस बसला की आपण उभं राहायचं. ती एकेक करून उभी राहिली. साहेबांना वाटलं आपल्या मानासाठी उठली, ते प्रसन्न हसले. यांगचेन पुढे आली तेव्हा मानाचा पांढरा रुमाल गळ्यात घालायला आली असं वाटून त्यांनी मानही वाकवली. तिनं पाय आपटून टाळी मारली.

"मी आनी व्हावं, हे गेनची इच्छा होती. मान्य?"

साहेब दचकले, मग फोटोग्राफरकडे बघून हसले. "हां बेटा, बिल्कुल."

"काऊन?"

"अरे, धर्म की शिक्षा मिलेगी. और क्या चाहिए?"

"मले फॉरेस्ट गार्ड व्हाचं आहे."

"वो तो नहीं हो सकता ना बेटा. तुम लोग यहाँ के नहीं हो."

टाळी. "गेन कुठचे होते?"

"गेनजी?" साहेबांचा आवाज भरून आला, सवयीनं. "गेनजी तो हमारे थे. इसी मिट्टी के थे."

यांगचेननं साहेबांच्या डोक्याभोवती हात फिरवला, आणि सगळ्या अंगणातून एकच आवाज उठला. चा! साहेबांनी हात वर केला आणि प्रेमानं म्हणाले, "नहीं नहीं, चाय अभी पी के आए हैं."

मी हसले नाही. मला वाटलं होतं की असा क्षण आला तर मी पोटभर हसेन, पण मला फक्त किळस आली, त्या माणसाची कमी आणि ज्या जगात त्याला उठवायला कोणी नाही त्याची जास्त. मुलंही हसली नाहीत. साहेब चटईवरून उठले, पँट झटकली, दोन म्हाताऱ्यांना नमस्कार करत गाडीकडे निघाले. तेवढ्यात यांगचेनची आई घाईघाईनं त्यांच्या मागे गेली. मला वाटलं आभार मानायला, माफी मागायला. तिनं ते चकचकीत कागदातलं वस्त्र ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर नीट ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, हे कपडा विसरले तुम्ही." मग परत येऊन ती दिव्यांत तूप घालू लागली.

विधी संपला, माणसं पांगली. उभं राहून माझे गुडघे दुखत होते, आणि मी काही विचार न करता समोर दिसली त्या चटईवर टेकले. शिंदी अजून मऊ होती, जांपाच्या बसण्यानं पडलेल्या खळग्यात मी बरोबर मावले... वर पाहिलं तर यांगचेन समोर उभी होती, तिच्यामागे बाकीची मुलं. मी म्हटलं, अगं, मी अशीच बसले. तिनं ऐकलं नाही.

"मॅडम, तुम्ही पोवार. तुमचे लोक माळव्यातून आले. मान्य?"

मान्य. हे आमच्या समाजाच्या प्रत्येक मेळाव्यात फेटे बांधून अभिमानानं सांगितलं जातं.

"तुम्हाले कोनी कागद मागतला?"

नाही, मी म्हटलं.

"काऊन?"

मी मराठीची शिक्षिका आहे, जन्मभर शब्दांवर पोट भरलं. खूप जुनी गोष्ट आहे, असं म्हणणार होते. तेव्हा राजे होते, असं म्हणणार होते. यांगचेननं वाट पाहिली, जांपानं तिला पाहायला शिकवली होती तेवढी. मग माझ्या डोक्याभोवती हात फिरवून ती अगदी हळू म्हणाली, "चा."

हरलेल्यानं पुढच्या शनिवारी त्याच चटईवर बसायचं असतं. साहेबही हरले होते, पण ते पुन्हा आले नाहीत. मी जाते.